आधी लहान

कोराडी रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर
परवा दहा हजार किलो कोळसा चढला
आणि लाल दिव्यांत उमटलं : ४१३५.
ट्रकवाला हसला.
काटेवाला हसला नाही, त्यानं फोन केला.

हिंगण्याच्या एमआयडीसीत
आम्ही अशा काट्यांचे मेंदू बनवतो.
इथे तपासताना सगळं बरोबर होतं,
कारण इथे काटा रिकामा होता
आणि शून्य दोन्हीकडून वाचलं तरी शून्यच.

रात्री ऑब्जेक्ट फाइल उघडली.
दोन-सात, एक-शून्य.
चिपला हवं होतं एक-शून्य आधी,
दोन-सात नंतर.
दोन बाइट, शेजारी शेजारी,
दोघंही निर्दोष,
फक्त एकमेकांच्या खुर्चीवर बसलेले.

असेंब्लर टेंभेकर सरांचा, ब्याण्णव सालचा.
सर गेले, त्यांची चिपही बाजारातून गेली.
त्या ओळीपाशी त्यांची टीप आहे :
‘आधी मोठा, मग धाकटा. पंगतीत बसतात तसं.’
म्हणजे चूक नव्हती ती.
पंगत होती, जेवणारे बदलले.

पहिल्यांदा मी घाईत सगळंच उलटवलं.
वजन बरोबर आलं,
आणि त्याखाली काटा म्हणाला, ‘न्यधदवा’.
धन्यवादाचं असं झालं.
तेव्हा कळलं, बाइटला स्वतःचं काही ठाऊक नसतं,
आपण आकडा आहोत की अक्षर,
जोडीतले की एकटे.
ते बाहेरच्यानं लक्षात ठेवायचं.

मग एकेक नोंद बघत बसले.
पत्ते होते, नंतर जागेवर बसवायचे,
त्यांत लिंकर बेरीज करतो.
उलट्या आकड्यात बेरीज केली
की हातचा भलत्याच घरात जातो.

हातचा म्हटलं आणि आई आठवली.
गोळीबार चौकात मागावर तिचे हात
पाचशे धागे न चुकता मोजायचे,
पण आकडे लिहायला ती शिकली
मी सहावीत असताना, माझ्या वहीत.
मी म्हणायची, ‘लिही, पंचवीस.’
ती आधी पाच लिहायची,
मग पेन्सिल डावीकडे नेऊन दोन.
एकशे पंचवीस म्हटलं की आधी एक,
मग एक बोट जागा सोडून पाच,
मग त्या फटीत नेमका दोन.
‘असं नसतं, आई.’
‘जसं बोलतो तसंच तर लिहून राहिली मी.’
मी खोडरबर घेऊन
तिची बरोबर उत्तरं पुसायची,
पुन्हा लिहायला लावायची,
माझ्या क्रमानं.

दोन वाजता चहा संपला.
सरांच्या ओळीला मी हात लावला नाही.
तिच्याखाली एक अट लिहिली,
फाइलीच्या कपाळावर एक खूण ठेवली,
कोणती पंगत आहे ते सांगणारी,
आणि टीप :
‘आधी लहान. नव्या चिपसाठी. हेडाऊ.’
टीप लिहिताना वाटलं,
तीस वर्षांनी ही ओळ वाचून
कुणी तरी मलाही रात्रभर शिव्या घालेल.
घालू दे.

परत जोडलं, भरलं.
चाचणीच्या काट्यावर वीस-वीस किलोची वजनं,
मग मी स्वतः चढले.
अठ्ठावन्न.
आठ आधी, पन्नास मागून,
आणि पडद्यावर पाच, मग आठ.
एवढं मोठं भांडण आपण
जिभेवर रोज मिटवतो
आणि आपल्याला पत्ताही नसतो.
खाली धन्यवाद, नीट.

फाटकाशी डोमाजी शेकोटी विझवत होते.
‘काऊन व पोरी, रातभर इथंच?’
‘आकडे उलटे बसले होते, काका.’
‘मंग? बसले का सरळ?’
‘बसले. म्हणजे, आता उलटे बसवले.
म्हणून सरळ दिसतात.’
त्यांनी माझ्याकडे बघितलं,
झोप झाली नाही की पोरी असंच बोलतात
अशा नजरेनं.
‘किती वाजले?’ मी विचारलं.
‘पावणेसहा,’ ते म्हणाले.

आधी पाव कमी केला,
कशातून ते मागाहून सांगितलं,
आणि मला एका क्षणात
वेळ कळली.